यंत्राला बुद्धिबळ शिकविताना



कामगार-संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असा आपला समज होणे साहजिक आहे. आज मात्र मी बुद्धिबळावर बोलणार आहे; आणि तेही संगणकाच्या बुद्धिबळावर. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे शिकलो ते वाचनालयात, आणि जळगाव-धुळ्याच्या एस. टी.त पुस्तक मांडीवर ठेवून. त्याच रीतीने, युनियनच्या कचेरीतल्या एका जुन्या संगणकावर मी रात्री बसून बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण प्रोग्रॅम म्हणतो ती, लिहिली. या उद्योगात आनंद किती, मनस्ताप किती, आणि त्यातून आपल्यासारख्यांच्या हाती काय लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

भुसावळच्या रेल्वे कामगारांस ‘नियमानुसार काम’ हे हत्यार ठाऊक आहे. पुस्तकात लिहिले तेवढेच करावयाचे, पदरचे काही घालावयाचे नाही. की मग गाड्या खोळंबतात. संगणक जन्मभर नियमानुसारच काम करतो. किल्लेकोट कसा करावा हे आपण मुलाला दोन वाक्यांत सांगतो. यंत्राला मात्र सगळे सांगावे लागते: राजा व तो हत्ती पूर्वी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी असावीत, राजाला शह नसावा, आणि ज्या घरावरून तो जातो व ज्या घरात तो बसतो तेथे शत्रूचा मारा नसावा. यांतली एक अट लिहावयाची राहिली, तर यंत्र निर्विकारपणे बेकायदा चाल खेळते. मनस्ताप येथूनच सुरू होतो.

पण याला एक सुरेख ताळा आहे. डावाच्या आरंभी पांढऱ्याला 20 चाली असतात. काळ्याने उत्तर दिले, की शक्यता 400 होतात. तिसऱ्या चालीअखेर 8,902, चौथ्या चालीअखेर 1,97,281, आणि पाचव्या चालीअखेर 48,65,609. जगात कोठेही कोणीही आज्ञावली लिहो, हेच आकडे आले पाहिजेत. एकाचा जरी फरक पडला तरी कोठेतरी नियम निसटला असे समजावे. हजेरीपट आणि पगारपत्रक पैशापर्यंत जुळले म्हणजे कारकुनाला जे समाधान मिळते, तेच येथे मिळते. आणि त्यासाठी कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज लागत नाही.

दुसरा आनंद स्वातंत्र्याचा. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे आरंभी दोन घरे उडी घेत नसे, आणि राजाला डावात एकदा घोड्याची चाल खेळता येत असे. विकत घेतलेले यंत्र हे काय जाणे! स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीत हे नियम घालता येतात. मग आरंभीच्या चाली वीसच्या चौदा होतात: प्याद्यांच्या आठ, घोड्यांच्या चार आणि राजाच्या दोन.

आता चाल निवडावयाची कशी? अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने 1950 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात याची दिशा दाखविली. शक्य डाव एकावर एकशेवीस शून्ये इतके असावेत, असा त्याचा अंदाज होता. अर्थात शेवटपर्यंत पाहणे अशक्य. तेव्हा काही चाली पुढे पाहावे, आणि प्रत्येक वेळी प्रतिपक्ष त्याचे सर्वांत चांगले उत्तर देईल असे धरून चालावे. वाटाघाटीला बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मालकाने काय म्हणावे असे आपल्याला वाटते, याचा तेथे उपयोग नसतो. शिवाय, एखाद्या चालीवर प्रतिपक्षाजवळ आपला हत्ती फुकट मारण्याचे एक उत्तर आहे, आणि आपल्याजवळ त्याहून बरी चाल आहे, हे दिसले की त्याची बाकीची उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही. एवढ्या एका युक्तीने कितीतरी काम वाचते.

परंतु थांबल्यावर, तेथली स्थिती चांगली की वाईट हे कसे ठरवावे? तेथे किंमत लावावी लागते: प्याद्याला 1, घोड्याला व उंटाला 3, हत्तीला 5, वजिराला 9. राजाच्या सुरक्षिततेला किती? अडकलेल्या उंटाचे किती वजा करावे? हे यंत्र ठरवीत नाही, लिहिणारा ठरवितो.

आणि यंत्राची दृष्टी जेथे संपते तेथे एक विचित्र प्रकार घडतो. हान्स बर्लिनर याने त्याला ‘क्षितिज-परिणाम’ अशा अर्थाचे नाव दिले. समजा, वजीर मारला जाणार हे यंत्राला दिसले. मग ते मध्येच एखादे प्यादे बळी देते, दुसरे देते. त्यामुळे वजिराचे मरण दोन-चार चाली पुढे ढकलले जाते, दृष्टीबाहेर जाते, आणि यंत्राच्या लेखी संकट टळते! सावकाराचे व्याज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणारे संसार आपण पाहिले आहेत, हे तसेच. यावर उपाय असा, की मारामारी चालू असता हिशेब थांबवू नये, पट शांत होईपर्यंत पाहावे. त्याने रोग कमी होतो, पण पुरता जात नाही.

ॲलन ट्युरिंगने 1952 साली आपली आज्ञावली संगणकाऐवजी कागदावर स्वतः हिशेब करून चालविली. ती 29 चालींत हरली. 1997 साली ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे, आणि त्याने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरविले. माझी आज्ञावली त्यांच्या पंगतीला बसणारी नव्हे. ती मला हरविते, आणि हरताना मला राग येतो. पण ती कशी हरविते हे मला ओळीओळीने ठाऊक असते.

मित्रहो, माझा खरा मुद्दा येथे आहे. एका कारखान्यात पाळ्यांची यादी लागली. वयस्क माणसांस लागोपाठ रात्रपाळी आली. विचारले तर उत्तर मिळाले, “संगणकाने ठरविले.” आम्ही प्रश्न केला, “संगणकाला कशाची किंमत किती सांगितली आहे? झोपेला किती? वयाला किती?” यादी तयार करणाऱ्या तंत्रज्ञाने कागद काढला. त्यात झोप आणि वय यांचा रकानाच नव्हता. रकाना घातला, आणि यादी बदलली. तो प्रश्न मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाने शिकविला नव्हता. घोड्याला तीन आणि हत्तीला पाच लिहिताना तो सुचला होता.

कोणी म्हणेल, हे आता जुने झाले. 2017 साली ‘अल्फाझीरो’ स्वतःशीच डाव खेळून शिकले. मोहऱ्यांची किंमत त्याला कोणी सांगितली नाही. खरे आहे. पण जिंकणे म्हणजे काय, हे त्यालाही माणसानेच सांगितले होते. बुद्धिबळात त्यावर वाद नसतो. कारखान्यात, दवाखान्यात, पतपेढीत जिंकणे कशाला म्हणावे, हाच तर सारा वाद आहे. आणि त्या वादात बोलण्याचा अधिकार काम करणाऱ्यालाही आहे.

म्हणून येथे बसलेल्या तरुण मुलामुलींना माझे सांगणे आहे, की एकदा तरी अशी लहानशी आज्ञावली स्वतःच्या हाताने लिहा. ती बलाढ्य झाली नाही तरी चालेल. ती लिहिणाऱ्याच्या मनात यंत्राची भीती उरत नाही, आणि भक्तीही उरत नाही.