संकेतस्थळाचे नाव, जागा आणि किल्ल्या



सात-बारा, आठ-अ, फेरफार हे शब्द शेतकऱ्याला वर्गात बसवून शिकवावे लागत नाहीत. जमीन त्याची असते आणि या शब्दांवाचून ती हाती राहत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. तारण, जामीन, थकबाकी हे शब्द सहकारी पतसंस्थेच्या सभासदालाही असेच अंगवळणी पडलेले असतात. अलीकडच्या काळात वाचनालये, पतसंस्था, शाळा, महिला बचत गट यांच्या मालमत्तेत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे संस्थेचे संकेतस्थळ. या मालमत्तेचे शब्द मात्र बहुतेक पदाधिकाऱ्यांना अद्याप परके वाटतात. डोमेन, होस्टिंग, सर्व्हर असे काही कानावर पडले की 'ते त्या मुलाला विचारा' असे सांगून विषय आवरता घेतला जातो.

हा परकेपणा किती महाग पडू शकतो, हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानी येईल. तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे, असे समजावे. त्याच्या कपाटांत शतकापूर्वीच्या मासिकांचे अंक आहेत. कार्यकारी मंडळाने गावातील एका होतकरू तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. त्यावर ग्रंथसूची आली, जुन्या अंकांची छायाचित्रे आली, दूरदूरचे अभ्यासक ती पाहू लागले. तीन वर्षे सारे सुरळीत चालले. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला. एके दिवशी संकेतस्थळ उघडेनासे झाले आणि काही महिन्यांनी त्याच नावावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. यात कोणी चोरी केली नव्हती आणि कोणते यंत्रही बिघडले नव्हते. नावाची मुदत संपली होती, आणि तशी सूचना ज्या ई-मेल पत्त्यावर गेली तो संस्थेचा नव्हता. येथे नेमके काय हातचे गेले, हे समजण्यासाठी संकेतस्थळाचे घटक क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

नाव आणि क्रमांक

इंटरनेटवरील संगणक परस्परांना क्रमांकांनी ओळखतात. या क्रमांकाला आय.पी. पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या पद्धतीत ० ते २५५ यांमधील चार आकडे असतात आणि त्यातून सुमारे ४३० कोटी निरनिराळे पत्ते तयार होतात. जगाला ते अपुरे पडू लागल्याने अधिक लांबीच्या पत्त्यांची नवी पद्धतही वापरात आली आहे. परंतु माणसाला आकडे लक्षात ठेवणे अवघड जाते, नाव सोपे जाते. म्हणून क्रमांकाच्या जोडीला नाव आले. तेच डोमेन नाव होय.

आरंभी ही सर्व नावे एकाच यादीत लिहिली जात. कॅलिफोर्नियातील एस.आर.आय. या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळीत असे आणि इतर ठिकाणचे लोक तिची नक्कल उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नोंदवही निरनिराळ्या स्तरांवर वाटून देण्याची योजना मांडली. साऱ्या राज्याचे दप्तर एकाच कचेरीत न ठेवता ते जिल्हा, तालुका आणि गाव असे विभागून द्यावे, तसाच हा प्रकार होता. ही योजना डी.एन.एस. या नावाने ओळखली जाते आणि आजही जगाचा व्यवहार तिच्यावरच चालतो.

या वाटणीमुळे डोमेन नाव उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. 'महाराष्ट्र.गव्ह.इन' या नावात शेवटचे 'इन' भारताचे निदर्शक आहे, 'गव्ह' हा भाग शासकीय यंत्रणांसाठी राखीव आहे आणि 'महाराष्ट्र' हे त्यातील एका राज्याचे नाव आहे. हा नियम ध्यानी ठेवल्यास फसवणूक टाळण्यास मोठे साहाय्य होते. एखाद्या लांबलचक नावाच्या आरंभी प्रतिष्ठित बँकेचे नाव असले आणि शेवट कोणत्या अनोळखी नावाने होत असला, तर ते स्थळ त्या अनोळखी नावाच्या धन्याचे असते, बँकेचे नसते. याच कारणासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातील बँकांकरिता 'बँक.इन' असा स्वतंत्र शेवट ठरवून दिला.

नावाचा हक्क मुदतीचा

आता वाचनालयाच्या उदाहरणाकडे वळता येईल. डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. त्याचा हक्क एका वेळी कमीत कमी एक वर्षासाठी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतो. मुदत संपण्यापूर्वी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते.

या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था, अर्थात रजिस्ट्री. '.इन' या शेवटाच्या नावांची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच 'निक्सी', या संस्थेकडे आहे. दुसरा पक्ष म्हणजे ग्राहकाकडून शुल्क घेऊन नोंद करून देणारी कंपनी. तिला रजिस्ट्रार म्हणतात. तिसरा पक्ष हा नोंदणीधारक होय. ज्याचे नाव या तिसऱ्या रकान्यात आहे त्याचाच हक्क चालतो. पैसे कोणी भरले आणि कष्ट कोणी केले, यांना त्या नोंदवहीत स्थान नसते. वाचनालयाच्या बाबतीत या रकान्यात तरुणाचे व्यक्तिगत नाव आणि त्याचा जुना ई-मेल पत्ता होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. अर्ज भरताना समोर जो रकाना आला तो त्याने स्वतःच्या माहितीने भरला, इतकेच.

मुदत संपताच नाव तत्काळ दुसऱ्याकडे जाते असे नाही. '.कॉम' सारख्या नावांच्या बाबतीत रजिस्ट्रार बहुधा काही दिवसांची सवलत देतो. त्यानंतर नाव रद्द झाले तरी ३० दिवसांपर्यंत जादा शुल्क भरून ते सोडवून घेता येते. पुढील ५ दिवसांनी मात्र ते सर्वांना खुले होते. चालू स्थितीतील जुन्या नावाकडे अभ्यासकांचे दुवे वळलेले असतात, शोधयंत्रांना ते परिचित असते. म्हणूनच अशी नावे टिपून घेण्यासाठी काही मंडळी टपूनच बसलेली असतात.

मराठी संस्थांना आणखी एक सोय उपलब्ध आहे. २०१४ मध्ये '.भारत' हा देवनागरी शेवट सुरू झाला. त्यामुळे मराठीतूनही नाव नोंदविता येते. यंत्रणेच्या अंतर्भागात या नावाचे रोमन अक्षरांच्या एका मालिकेत रूपांतर होते, वाचकाला मात्र देवनागरीच दिसते. सर्वच संगणकप्रणाली अशी नावे अद्याप बिनचूक स्वीकारीत नसल्याने देवनागरी नावासोबत एक रोमन नावही घेणे व्यवहार्य ठरते.

जागा

नाव मिळाले म्हणजे संकेतस्थळ झाले असे नव्हे. त्याची पाने कोठेतरी ठेवावी लागतात. सदैव चालू राहणाऱ्या आणि मागेल त्याला पाने पाठविणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरवरील जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. चाळीतील खोलीप्रमाणे एका सर्व्हरवर अनेकांनी राहावयाचे, त्याला सामायिक होस्टिंग म्हणतात. ते स्वस्त असते, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपलेही पाणी कमी येते. एकाच यंत्राचे आभासी भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक वाटा दिला, तर त्याला व्ही.पी.एस. म्हणतात. स्वतंत्र यंत्र घेणे बंगल्याप्रमाणे खर्चाचे असते. क्लाउड म्हणजेही आकाशातील काही नसून अनेक यंत्रांच्या समूहातून गरजेपुरती घेतलेली जागा होय. लहान संस्थेला सामायिक होस्टिंग बहुधा पुरेसे होते.

भाडे ठरविताना दोन मापे पाहावी लागतात. किती माहिती ठेवता येईल हे एक, आणि महिन्याला किती माहिती बाहेर पाठविता येईल हे दुसरे. एका पानाचे वजन २ मेगाबाइट असेल आणि दिवसाला ५०० वेळा ते उघडले गेले, तर महिन्याला ३०,००० मेगाबाइट, म्हणजे सुमारे ३० गिगाबाइट माहिती बाहेर जाईल. भ्रमणध्वनीवर काढलेले ४ मेगाबाइटचे छायाचित्र २०० किलोबाइटपर्यंत लहान केले, तर हा भार कितीतरी उतरतो आणि खेड्यातील मंद जोडणीवरही पान लवकर उघडते.

नाव आणि जागा यांना जोडणारी नोंद डी.एन.एस. मध्ये असते. अमुक नावाची पाने अमुक क्रमांकाच्या सर्व्हरवर आहेत, असे ती सांगते. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. जागा असमाधानकारक वाटली तर पाने दुसरीकडे हलवून ही नोंद बदलता येते. काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांत, बदल सर्वत्र पोहोचतो. नाव तेच असल्याने वाचकाला स्थलांतराचा पत्ताही लागत नाही. याउलट नाव गेले, तर उत्तमातील उत्तम सर्व्हरवर पाने सुरक्षित असूनही वाचक तेथवर पोहोचू शकत नाही.

पान कसे घडते

जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. १९९३ मध्ये सर्नने तिचे मूळ तंत्र जगाला विनामूल्य खुले केले. त्यामुळे आज कोणालाही परवान्यावाचून पान लिहिता येते. पानाचा सांगाडा एच.टी.एम.एल. या खुणांच्या भाषेत लिहितात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, असे त्या खुणा सांगतात. रंग, अक्षरांचा आकार आणि मांडणी सी.एस.एस. ठरविते. कळ दाबताच यादी उघडणे यांसारख्या हालचाली जावास्क्रिप्टमुळे होतात. हे सारे वाचून पडद्यावर पान उभे करणारा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर. ग्रंथसूचीसारखी मोठी माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे रकान्यांच्या सुव्यवस्थित नोंदवहीत, ठेवली जाते. या भाषा न शिकताही मजकूर भरता यावा म्हणून वर्डप्रेससारख्या व्यवस्थापन प्रणाली असतात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. पूर्वी प्रत्येक जण निराळा फॉन्ट वापरीत असे आणि तो नसलेल्या संगणकावर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला जगभर एकच क्रमांक असतो. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा असून यू.टी.एफ.-८ या प्रचलित पद्धतीत त्याला १५ बाइट लागतात. असा मजकूर शोधता येतो आणि अंध वाचकांच्या संगणकाला तो मोठ्याने वाचूनही दाखविता येतो.

कुलूप आणि किल्ल्या

पत्त्याच्या आरंभी 'एच.टी.टी.पी.एस.' असे असेल, तर वाचक आणि सर्व्हर यांच्यामधील मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. त्यासाठी सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवावे लागते. ते विनामूल्यही मिळते, मात्र त्यालाही मुदत असते. हे प्रमाणपत्र वाट सुरक्षित असल्याची ग्वाही देते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही.

संकेतस्थळाच्या किल्ल्या मुख्यतः तीन असतात. पहिली रजिस्ट्रारकडील खात्याची, दुसरी होस्टिंगची आणि तिसरी मजकूर भरण्याच्या प्रणालीची. यांपैकी पहिली सर्वांत मोलाची, कारण दुसरी किंवा तिसरी हरवल्यास पाने पुन्हा उभारता येतात. अर्थात त्यासाठी बॅकअप, म्हणजे सर्व मजकुराची राखीव प्रत, हाताशी हवी. ती सर्व्हरवरच ठेवून उपयोग नाही. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवण्यासारखे ते होईल.

प्रत्येक संस्थेने पुढील सभेत एवढ्या गोष्टी तपासून इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात : डोमेन नाव संस्थेच्या नावे आहे काय, त्यासाठी दिलेला ई-मेल पत्ता संस्थेचा आहे काय, मुदत कोणत्या दिवशी संपते, तीनही किल्ल्या निदान दोन पदाधिकाऱ्यांपाशी आहेत काय, आणि राखीव प्रत शेवटची केव्हा घेतली. यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. संस्थेच्या इमारतीचे भाडे, विम्याचा हप्ता आणि बँकेतील सह्यांचे अधिकार ज्या काळजीने पाहिले जातात, तेवढी काळजी पुरेशी आहे.

संकेतस्थळ उभारणाऱ्या तरुणांचे कौशल्य संस्थांना हवेच आहे आणि त्याचा योग्य मोबदलाही त्यांना मिळावयास हवा. मात्र घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नावावर कोणी घर करीत नाही. वाचनालयाने शंभर वर्षे जपलेले अंक आजही कपाटात सुरक्षित आहेत, कारण त्या कपाटाची किल्ली कोणापाशी आहे हे प्रत्येक कार्यकारी मंडळाने पुढच्या मंडळाला सांगितले. संकेतस्थळाच्या किल्ल्यांच्या बाबतीतही हीच रीत पाळली गेली, तर ते अंक कपाटाबाहेरच्या वाचकापर्यंतही अखंड पोहोचत राहतील.