अंगठ्याएवढे सैन्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाने भरविलेल्या छंद-प्रदर्शनाच्या प्रसंगी दिलेले भाषण)



या सभागृहात शिरताना आपण पोस्टाची तिकिटे पाहिलीत, जुनी नाणी पाहिलीत, भगिनींनी मांडलेले रुखवताचे नमुने पाहिलेत. ते सारे पाहून झाल्यावर, अगदी शेवटच्या टेबलापाशी, काळ्या कापडावर वीस सांगाडे हातांत ढाली-तलवारी घेऊन उभे असलेले आपणांस दिसले असतील. त्यांच्या मागे एक मांत्रिक आहे. सकाळपासून तिघा जणांनी आम्हांस विचारले, की ही खेळणी आपल्या नातवाची काय? आम्हांस अद्याप नातू नाही. ते सैन्य आमचे आहे; अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर निम्मे आमचे आहे. उरलेल्या निम्म्याची हकिगत सांगावी की न सांगावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु चिटणीसांनी पंधरा मिनिटे बोलावयास सांगितले आहे आणि नुसत्या रंगांवर आम्हांस पंधरा मिनिटे बोलता येणार नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. ही प्लॅस्टिकची किंवा धातूची चित्रे साधारणपणे अठ्ठावीस मिलिमीटर उंचीची, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी असतात. पेटीतून ती तयार निघत नाहीत. हात, पाय, मस्तके एका चौकटीला फळांसारखी लगडलेली असतात. ती कापावयाची, साच्याची रेघ चाकूने खरवडावयाची, डिंकाने जोडावयाची आणि मग रंगवावयाची. रंगवून झालेली दोन सैन्ये टेबलावर समोरासमोर मांडून, फुटपट्टीने अंतर मोजत आणि फासे टाकत लढाई खेळतात. सैनिक इतिहासातलेच असले पाहिजेत असे नाही. राक्षस, बुटके, ड्रॅगन, चालणारी प्रेते, सारे चालते.

हे वेड आजचे नाही. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात कथलाचे चपटे सैनिक ओतून रंगवीत असत. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे सैनिक आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि सामान्य घरातल्या मुलांच्या हाती पलटणी आल्या. मुलांच्याच हाती आल्या असे मात्र नाही. एच. जी. वेल्स या विख्यात कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक पुस्तक लिहिले. त्यात अशा सैनिकांनी जमिनीवर बसून लढाई कशी खेळावी, याचे रीतसर नियम आहेत. पुस्तक लिहिले तेव्हा वेल्ससाहेबांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. आम्ही इंग्रजी वाङ्‌मय घेऊन बी.ए. झालो, त्यांचे कालयंत्र आम्हांस नेमलेल्या पुस्तकांत होते, परंतु हे गृहस्थ दिवाणखान्यात रांगत तोफा उडवीत असत हे आमच्या एकाही प्राध्यापकाने आम्हांस सांगितले नाही. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, खरे युद्ध सुरू झाले.

राक्षस आणि मांत्रिक या खेळात शिरले ते पुढे. टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’ ही कादंबरी १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली आणि तिने दोन पिढ्यांना झपाटले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिघा मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केले. १९७९ साली त्यांच्याच साहाय्याने चित्रे ओतणारी ‘सिटाडेल’ ही कंपनी निघाली आणि १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. पुढे या उद्योगाचे ठाणे नॉटिंगहॅम झाले, ते आजतागायत. या खेळण्यांच्या कंपनीची गणना डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअरबाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांत झाली. १९८७ पासून ही कंपनी रंगकामाची स्पर्धा भरवीत आली आहे आणि सर्वोत्तम ठरलेल्या रंगाऱ्यास चक्क तलवार बक्षीस देतात. आम्हां सरकारी मनुष्यास सर्वांत भावला तो त्यांचा २०२० सालच्या एका आवृत्तीतील नियम: शंभरांपैकी दहा गुण संपूर्ण सैन्य नीट रंगवून आणल्याबद्दल. सुवाच्य अक्षराला गुण देणारे मास्तर जगात अजून शिल्लक आहेत.

आता घरची गोष्ट.

आमची बदली दक्षिणेतील एका शहरात झाली तेव्हा चिरंजीव तेरा वर्षांचे होते. बदलीच्या नोकरीतील मुलांचे आपण सारे जाणताच. दर तीन-चार वर्षांनी नवी शाळा, नवी भाषा, नवे बाक. तेथे एका वर्गमित्राच्या घरी त्याने हा खेळ पाहिला आणि वाढदिवसास मिळालेले, साठविलेले सारे पैसे घालून सांगाड्यांची एक पेटी आणिली. तिची किंमत ऐकून आम्ही जे बोललो ते येथे सांगण्यासारखे नाही. आमच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. घरात हाडे कशाला, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलगा मात्र रोज शाळेतून आला, की खिडकीशी बसून एकेक सांगाडा रंगवी. अकरा पुरे झाले. बाराव्याची ढाल अर्धी झाली होती.

दहावीच्या वर्षी सहामाहीत गणितात गुण घसरले. आम्ही ती पेटी, रंगांसकट, आमच्या लोखंडी कपाटात ठेविली, कुलूप लाविले आणि परीक्षा झाल्यावर परत देऊ असे सांगितले. परीक्षा झाली. गुणही चांगले पडले. मग अकरावी आली, क्लास आले, पुन्हा बदली आली. पेटी देण्याचे राहून गेले. तो एकदाही ती मागावयास आला नाही. आम्ही त्यास समंजसपणा समजलो.

तीन वर्षांपूर्वी या शहरी येताना सामान आवरीत असता ती पेटी हाती लागली. चिरंजीव तोवर नोकरीनिमित्त हैदराबादेस होते. अकरा सांगाडे कापसात नीट गुंडाळलेले होते, आठ करडे, कोरे, एक अर्धा. मांत्रिक चौकटीतून कापलाही नव्हता. या छंदातील मंडळी अशा न रंगविलेल्या साठ्याला ‘लाजेचा ढीग’ म्हणतात, असे पुढे कळले. ज्याच्या टेबलावर प्रलंबित फायलींचा ढीग असतो, त्यास हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु हा ढीग मुलाचा नव्हता, आमचा होता. तो आपणच उपसावा असे त्या रात्री मनाने घेतले.

पहिला प्रयत्न हास्यास्पद ठरला. रंग धरावा म्हणून आधी अस्तर द्यावे लागते. ते डब्यातून फवारतात. आम्ही ऐन जुलैत, ब्रह्मपुत्रेच्या काठच्या या हवेत, गच्चीवर फवारले. दमट हवेत फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच बिघडतो. तीन सांगाडे शिळ्या भाकरीवर बुरशी यावी तसे पिठूळ झाले. उपाय शोधता कळले, की विलायतेतील रंगारी जुना रंग काढण्यासाठी डेटॉल वापरतात. आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत डेटॉल ओतून त्यात सांगाडे बुडविले. रात्रभरात रंग सुटला. ते बाहेर काढून आम्ही सरळ नळाखाली धरले आणि सुटलेल्या रंगाचा चिकट काला होऊन तो बोटांना, ब्रशला, बेसिनला माखला. आधी ताज्या डेटॉलमध्येच धुवावयाचे असते, पाणी नंतर. चार दिवस घरास दवाखान्याचा वास येत होता. शेजारच्या बरुआबाई, कोणी आजारी आहे काय, म्हणून विचारून गेल्या.

त्यानंतर आम्ही अस्तर ब्रशने देऊ लागलो आणि हळूहळू हात बसला. सांगाडा नवशिक्यास सोपा. सर्वांगास हाडाचा फिकट रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी वॉश. तो आपण होऊन बरगड्यांच्या खाचांत उतरतो आणि तेथे सावली होऊन बसतो. वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवावयाचा, म्हणजे कडा उजळतात. ढालीचे पितळ जुने दिसावे म्हणून खाचांत कळकलेल्या तांब्याचा हिरवट रंग सोडतात. कल्हई उडालेली भांडी पाहिलेल्या आमच्या पिढीस तो रंग वेगळा शिकावा लागत नाही. रंग दुधाइतका पातळ असावा, जाड एका थराऐवजी पातळ दोन द्यावेत. चित्र बाटलीच्या बुचावर चिकटवून ते बूच डाव्या हाती धरावे आणि दोन्ही मनगटे एकमेकांस टेकवावीत, म्हणजे हात थरथरला तरी दोन्ही बरोबर थरथरतात. पन्नाशीनंतर ही युक्ती फार मोलाची.

सावली मुद्दाम रंगवावी लागते, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. दिव्याचा उजेड पडतोच ना? पडतो, परंतु अंगठ्याएवढ्या देहावर नाकाची सावली ती केवढी पडणार? डोळ्यांस ती जाणवतच नाही, आणि चित्र मेणाच्या गोळ्यासारखे सपाट दिसते. म्हणून मोठ्या देहावर उजेड कसा पडला असता याचा अंदाज करून तो उजेड रंगानेच द्यावयाचा. सबंध कला येथे आहे. बाकी सारा सराव.

लहानपणी साताऱ्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही कुंभाराकडील मावळे मांडीत असू. अळीव पेरून केलेल्या रानात बुरुजाहून उंच मावळा उभा असे आणि त्याचे दोन डोळे म्हणजे काळे दोन ठिपके. त्यात आम्हांस काही खटकत नसे. तेच दोन ठिपके मांत्रिकाच्या चेहऱ्यावर देताना आमचा महिना गेला. चाळिशी लावून, वर भिंग धरूनही, एक डोळा नाकाकडे आणि दुसरा छताकडे पाहू लागे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी एरवीच्या कारागिराकडे का देत नाहीत, मुख्य मूर्तिकार ती आपल्याच हाती का ठेवतो, ते तेव्हा पटले. सातव्या वेळी मांत्रिक सरळ पाहू लागला. किमान सरळ पाहतो असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

आठ सांगाडे आणि मांत्रिक पुरे झाल्यावर आम्ही धीर करून त्यांचे छायाचित्र चिरंजीवांस धाडिले. आमचे फोनवरचे बोलणे एरवी कसे असते, हे येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. जेवलास काय, पगार झाला काय, आईला देतो. त्या रात्री त्याचे उत्तर आले ते अकरा ओळींचे. डोळ्यांच्या खोबणीत वॉशचा आणखी एक हात द्या. तलवारीची कड फार जाड झाली आहे. ब्रश जिभेने टोक करू नका, पूर्वी मीही करीत असे. शेवटी, अर्धी ढाल कोणी पुरी केली काय, असे विचारले होते.

आम्ही फोन केला. ढालीस हात लाविलेला नाही असे सांगितले. आणि पुष्कळ वर्षे सांगावयाचे राहिले होते तेही सांगून टाकिले, की परीक्षेनंतर पेटी द्यावयाची होती, किल्ली आम्हीच दिली नाही, चूक झाली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “बाबा, किल्ली कुठे असायची ते मला ठाऊक होते.”

यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. आम्ही फोन सौभाग्यवतींच्या हाती दिला.

टेबलावरील रांगेत डावीकडचे अकरा त्याचे आहेत. जवळून पाहाल तर ते आमच्या आठांहून सरस आहेत, हे आपणांस दिसेल. चौदाव्या वर्षीचा हात आणि दृष्टी आम्ही कोठून आणावी? मधला, ज्याची ढाल इतकी वर्षे अर्धी होती, तो कालपर्यंत तसाच होता. चिरंजीव सुवर्णमहोत्सवासाठी काल सायंकाळी येथे आले. सामान न सोडता आधी रंगांच्या बाटल्या काढिल्या आणि बराच वेळ बाल्कनीत बसून होते. तेव्हा लहान मुलांस एवढीच विनंती, की त्या मधल्या सांगाड्यास कृपा करून हात लावू नये. येथील हवेत रंग लवकर वाळत नाही.