गाळाची धरणे : खर्च कोणाचा, जीव कोणाचा?



खनिज दळून, धुऊन धातू वेगळा केला की पाणी धरून बसलेला बारीक गाळ उरतो. त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो बांध घालून साठवावा लागतो. खाण बंद पडली तरी बांध उभाच राहतो. उत्पन्न थांबते, जबाबदारी थांबत नाही. आमच्या अर्थशास्त्राचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

बांध बाहेरच्या बाजूने, पक्क्या जमिनीवर वाढवता येतो. पण त्याला भराव पुष्कळ लागतो. साठलेल्या गाळावरच आतल्या बाजूने नवा थर चढवणे सर्वांत स्वस्त. मात्र पाण्याचा निचरा झाला नाही, तर घट्ट भासणारा गाळ क्षणात पातळ होऊन धावू लागतो.

हा धोका नवा नव्हे. १९६५ साली चिलीतील भूकंपात एल कोब्रे येथील बांध फुटून दोनशेहून अधिक माणसे गेली आणि १९७० मध्ये त्या देशाने ही स्वस्त पद्धत बंद केली. ब्राझीलमध्ये ती चालूच राहिली. २०१५ मध्ये मारियानाजवळ १९ बळी गेले. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमादिन्यो येथे वाले कंपनीचा ८६ मीटर उंच बांध कोसळून २७० माणसे मेली. कामगारांचे भोजनगृह बांधाखालीच होते आणि वेळ दुपारच्या जेवणाची होती. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. चारच महिन्यांपूर्वी बांध स्थिर असल्याचा दाखला मिळाला होता. दाखला देणाऱ्या संस्थेला पैसे देणारी कंपनीच होती. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!

त्यानंतर ब्राझीलने या पद्धतीवर बंदी घातली. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक मानकही आले. स्वतंत्र तपासणी, वरिष्ठ अधिकाऱ्याची जबाबदारी, माहितीची जाहीर मांडणी हे सारे त्यात आहे. पण ते पाळणे ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नियमाने नफ्याला आळा बसत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. तपासनीस शासनाने नेमावा आणि त्याचा मेहनताना खाणींवरील उपकरातून द्यावा. बांध बंद करून निर्धोक करण्याचा खर्च खाण सुरू होतानाच ठेव म्हणून घ्यावा. बांधाच्या वाटेत वस्ती वा कचेरी नसावी. पाण्याच्या दाबाच्या नोंदी कामगारांना व खालच्या गावांना पाहता याव्यात आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा हक्क त्यांना कायद्याने मिळावा.

याने खनिज महाग होईल, असे सांगितले जाते. होईल. पण तो खर्च आजही आहेच. २०२१ च्या समझोत्यात वाले कंपनीला ३७ अब्ज रिआलांहून अधिक रक्कम मान्य करावी लागली. जेवणाच्या ताटावरून न उठलेली माणसे त्या हिशेबात परत आली नाहीत. खर्च आधी मालकाने द्यायचा की नंतर मजुराने जिवानिशी द्यायचा, एवढाच निर्णय समाजापुढे आहे.