बेगडी तलवार

मराठींत ‘बेगडी’ हा शब्द निंदेचा आहे. बेगड म्हणजे चकाकणारा अतिशय पातळ पत्रा. तो लाकडावर डकवला कीं लाकूड रुप्याचें भासतें, आणि नख लागलें कीं भ्रम सुटतो. त्यावरूनच बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता असे प्रयोग भाषेंत रूढ झाले. परंतु ज्या नाटकवाल्यांनीं लाकडी पात्याला बेगड लावून रणप्रसंग उभे केले, त्यांची तलवार ही कांहीं लबाडी नव्हती. नाटकांतील तलवार खोटी असते, म्हणूनच नट निर्धास्तपणें लढूं शकतात. या बेगडी तलवारीची एक नवी पिढी आज शहरांतील सुशिक्षित घरांत तयार होत आहे. तिची ओळख वडीलधाऱ्या मंडळींनींही करून घ्यावी, अशी ती आहे.

या नव्या छंदाला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. वेष या अर्थाचा ‘कॉस्च्यूम’ आणि खेळ या अर्थाचा ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची ही सांगड जपानांत घातली गेली. नोबुयुकी ताकाहाशी यांनीं १९८३ च्या सुमारास ती रूढ केली. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें विज्ञानकथांच्या वाचकांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हीं दोघें तेथें भविष्यकाळांतील वाटावेत असे पोषाख करून गेलीं. ते पोषाख डग्लसबाईंनीं स्वतः शिवले होते. आवडत्या कथेंतील पात्राचा वेष आपल्या हातानें करावयाचा आणि तो घालून चार समानधर्मी लोकांत वावरावयाचें, हें या खेळाचें सार तेव्हांपासून कायम आहे. जपानमधील नागोया येथें २००३ पासून त्याचा जागतिक सोहळा होऊं लागला. भारतांत २०११ सालीं दिल्लीस ‘कॉमिक कॉन’ नांवाचा मेळावा प्रथम भरला, आणि पुढें मुंबईकरांनाही त्याची गोडी लागली.

अशा वेषांत तलवारीचें स्थान मोठें आहे, आणि खरी अडचण तिच्यापासूनच सुरू होते. १९९७ सालीं निघालेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी संगणकीय खेळाचा नायक क्लाउड हा जवळजवळ स्वतःच्या उंचीचें पातें पाठीवर वाहतो. असें पातें दीड मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि केवळ एक सेंटिमीटर जाड धरलें, तरी पोलादांत त्याचें वजन ३५ किलो भरेल. इतिहासांतील लढाऊ तलवारी बहुधा एक ते दीड किलोच्या असत. त्याहून कित्येक पटींनीं जड शस्त्र घेऊन माणूस लढूं शकत नाहीं. चित्रकाराला वजनाची पर्वा करावी लागत नाहीं, कारागिराला मात्र ती करावी लागते. दिवसभर गर्दींत हिंडावयाचें, छायाचित्रासाठीं तलवार पुनःपुन्हां उगारावयाची, आणि हात दुखूं द्यावयाचा नाहीं, अशी ही कामगिरी आहे.

ती साधतें एका अगदीं घरगुती पदार्थानें. बालकांच्या खोलींत अंथरतात त्या रंगीत चौकोनी चटया आणि हलक्या चपलांचे तळवे ज्यापासून होतात, तो ‘ईव्हीए’ नांवाचा फोम येथें कामास येतो. वर सांगितलेलें पातें त्यांत केलें, तर सर्व मिळून एका किलोच्या आसपास काम भागतें.

प्रथम कागदावर खऱ्या मापाचें चित्र काढतात. कागद उभा दुमडून अर्धेंच चित्र कापलें, कीं दोन्ही बाजू सारख्या निघतात. त्यावरून फोमचे दोन तुकडे कापून, मध्यें लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकची नळी घालून ते एकमेकांवर चिकटवतात. हा कणा मुठीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. तो आखूड राहिला, तर पातें मुठीपाशीं मान टाकतें. चामड्याच्या कामांत वापरतात तें ‘सोल्यूशन’ दोन्ही अंगांना लावून, तें बोटाला चिकटेनासें होईपर्यंत थांबावें लागतें. त्यानंतर अंगें एकदां टेकलीं कीं टेकलीं. सरकवून नीट करण्याची सोय नाहीं. उतावळ्या मुलाला धीर शिकवणारी याहून चांगली शाळा सांपडणें कठीण.

पुढें धार काढतात; अर्थात् ती डोळ्यांपुरतीच. तीक्ष्ण सुरी तिरपी धरून कडेचा फोम एका दमांत उतरवावयाचा आणि मग कांचकागदानें घासावयाचा. सुरी बोथट असेल तर कड कुरतडल्यासारखी दिसते. नंतर गरम हवा फेंकणाऱ्या यंत्रानें पृष्ठभाग शेकतात, म्हणजे फोमचीं सूक्ष्म छिद्रें मिटतात आणि वर गुळगुळीत कातडी येते. नक्षीसाठीं सुरीनें उथळ चीर देऊन ऊब दिली, कीं ती आपोआप उमलून खोल रेघ बनते. त्यावर पातळ डिंकाचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळल्यावर पृष्ठभाग तपासतात.

यानंतर येतो रंग, आणि येथेंच नवशिका व जाणता यांतील भेद कळतो. नवशिका चंदेरी रंग फांसून मोकळा होतो; त्याची तलवार चंदेरी कागद गुंडाळल्यासारखी दिसते. जाणता आधीं काळा रंग देतो. त्यावर चंदेरी रंग असा चढवतो, कीं खांचांत काळोख राहावा आणि उंचवटे तेवढे चमकावेत. मग तो स्वतःला कांहीं प्रश्न विचारतो. ही तलवार कोणी वापरली? किती वर्षें? हात कोठें घासला असेल, मळ कोठें सांचला असेल? मुठीपाशीं झिजलेपण, धारेवर एकदोन टवके, खोबणींत गंजाची तपकिरी छटा, हें सर्व त्या उत्तरांतून येतें. निर्जीव फोमला पूर्वायुष्य देण्याचें हें काम आहे. त्यासाठीं खऱ्या लोखंडाकडे आणि जुन्या हत्यारांकडे बारकाईनें पाहावें लागतें. खोटें नीट करण्यासाठीं खऱ्याचा इतका अभ्यास करावा लागतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि या कलेची खरी कसोटी सौंदर्यांत नाहीं. २००८ सालीं व्हिएन्ना येथील एका नाट्यगृहांत एका नटानें भूमिकेप्रमाणें स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली, आणि रक्ताची धार खरीच वाहिली. नाटकासाठीं नवी आणलेली ती सुरी बोथट करावयाची राहून गेली होती. प्रेक्षकांना प्रथम तो उत्तम अभिनयच वाटला. सुदैवानें नट बचावला. परंतु खोट्याच्या जागीं खरें येऊन बसलें, म्हणजे केवढा घात होतो, हें त्या क्षणीं दिसलें. वेषधारींच्या मेळाव्यांत तर लहान मुलें असतात, धक्काबुक्की असते. म्हणूनच दारांत शस्त्रें तपासण्याचा रिवाज बहुतेक ठिकाणीं आहे आणि धातूच्या पात्याला तेथें सामान्यतः मज्जाव असतो. जी तलवार दुरून पाहणाऱ्याला दचकवते आणि जवळच्या बालकाच्या गालाला लागली तरी ओरखडा काढीत नाहीं, तीच उत्तम तलवार होय.

हीच काळजी घरांतही हवी. ‘सोल्यूशन’चा वास नुसता उग्र नसतो, त्याची वाफ अपायकारक असून चटकन् पेट घेते. म्हणून बंद खोलींत, देवघरांतील समईशेजारीं किंवा पेटत्या शेगडीजवळ हें काम करूं नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात; घासतांना व शेकतांना योग्य मुखपट्टी लावावी; सुरी नेहमीं अंगापासून दूर चालवावी. ‘हा पोरखेळ बंद कर’ असें सांगणाऱ्या वडिलांपेक्षां, खिडकी उघडून देऊन ‘कणा कोठवर घातलास?’ असें विचारणारे वडील मुलाच्या अधिक उपयोगी पडतात.

आणि पोरखेळ तरी तो कसला? दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना कोणी खोटा किल्ला केला म्हणून हिणवीत नाहीं. त्या किल्ल्याच्या बुरुजांतून मुलगा हातानें इतिहास शिकतो. फोमच्या तलवारींतून तो माप, तोल, धीर आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी शिकतो. खऱ्या तलवारीला धार लावणें हें शिकलीगराचें कौशल्य. धार दिसावी पण लागूं नये, हें या नव्या कारागिराचें. निदान या एका ठिकाणीं तरी ‘बेगडी’ या शब्दाला लागलेला डाग पुसून टाकावयास हरकत नाहीं.