आज्जीची तिथी आणि डॉक्टरांची तारीख

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीबद्दल बोलायचंय. विषय आपल्या वयाचा नाही असं वाटेल, पण दवाखान्यात त्यांच्याबरोबर जाणारे आपणच असतो. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, आणि आपण त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतो.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांतसुद्धा हा फरक होता.

आता आपल्या बेळगाव-खानापूरकडची आज्जी बघा. देवघरात मराठी, भाजी घेताना कानडी, शेजारच्या भाभींशी हिंदी. दिवसभर ती एक भाषा मागे सारून दुसरी पुढे काढते. या सरावानं मेंदूला झीज सोसायचं बळ येत असावं, असा संशोधकांचा तर्क आहे. सगळ्याच अभ्यासांत हा फायदा दिसलेला नाही, तेव्हा याला औषध समजू नका. (आणि मराठीसाठी भांडताना आज्जीच्या मोडक्या कानडीला हसू पण नका.)

पण बोलायला माणूसच नसेल तर दोन भाषा असून काय उपयोग? पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. त्यात आजोबांना कमी ऐकू येतं. ते भलतंच उत्तर देतात, लोक हसतात. मग ते कट्ट्यावर जायचं बंद करतात, भजनाला जायचं बंद करतात, आणि घरचे म्हणतात, "हल्ली गप्पच असतात." लान्सेट आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आवरल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं आहे, एकटेपणा आहे, बीपी, शुगर, विडी-सिगारेट आणि उपचार न केलेली कमी नजर आहे. कानाच्या मशीनची लाज वाटते म्हणून ते कपाटात पडून असतं, तेवढं आधी बाहेर काढा.

आता तपासणीचं. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. आज्जी तारखेऐवजी बिनचूक तिथी सांगेल, आणि तिचा गुण जाईल. लिहिता येत नसेल तर आणखी एक गेला. प्रश्न तिला नीट न कळणाऱ्या भाषेत आला तर मग विचारूच नका. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर गावकऱ्यांसाठी ही चाचणी हिंदीत नव्यानं बेतावी लागली.

तेव्हा आज्जीला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा: ती मराठीतच विचार करते, शाळा किती झालीय, ऐकू किती येतं. चाचणी मराठीत घ्या म्हणावं. तशी सोय नसेल तर तिथली मराठी येणारी नर्स हुडका. स्वतः दुभाषे झालात तर फक्त प्रश्न सांगा, उत्तर सुचवू नका. आणि गेल्या सहा महिन्यांत काय बदललं ते घरूनच कागदावर लिहून न्या: पैशाचा हिशेब चुकतोय का, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते का, रोजचा स्वयंपाक मध्येच अडतो का.