काळ्या जमिनीवरील इमारतीचा पाया
(भाषणाचा मजकूर)

वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, हा जुन्या गावकऱ्यांचा प्रघात होता. गावठाणाची जागा निवडताना त्यांनी कोणतेही यंत्र वापरले नाही. तथापि ज्या मातीत ज्वारी-कापूस उत्तम येतो त्या मातीवर भिंत टिकत नाही, एवढे ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने झालेले होते. पुढे लोकसंख्या वाढली, पांढरी अपुरी पडू लागली आणि शाळा, दवाखाने, समाजमंदिरे काळीत उभी राहू लागली. त्यांपैकी कित्येकांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरके तडे गेलेले दिसतात. दोष बहुधा गवंड्याला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा जमिनीची परीक्षा न केल्याचा असतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इंदूर शहराचे उदाहरण सोयीचे आहे. होळकरांची ही राजधानी माळव्याच्या पठारावर वसलेली असून तिच्याखालचा काळा पाषाण हा महाराष्ट्रातल्यासारखाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट होय. तो झिजून वर मुरूम आणि त्यावर काळी माती तयार झाली. या थराची जाडी मात्र ठिकठिकाणी बदलते. एका गल्लीत हातभर खणताच मुरूम लागतो, तर नाल्याच्या काठी तीन-चार मीटरपर्यंत काळीच काळी. त्यामुळे शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे हे पाहून आपला पाया ठरविण्याची पद्धत येथे धोक्याची ठरते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व वाळले म्हणजे आक्रसते. वैशाखात जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच भेगा बुजून माती वर उचलली जाते. इमारतीच्या मधल्या भागाखालची माती छपरामुळे फारशी भिजत नाही व वाळतही नाही. कडेची मात्र दरवर्षी वरखाली होते. हलकी एकमजली इमारत या उचलीला दाबून धरू शकत नाही. म्हणूनच मोठ्या इमारतीपेक्षा खेड्यातील दोन खोल्यांची शाळा अधिक लवकर तडकते.

मातीची शक्ती जाणण्याच्या अनेक पद्धतींपैकी शंकू-भेदन चाचणी ही एक होय. हॉलंड हा देश मऊ गाळावर वसलेला. तेथे १९३२ साली बारेन्ट्सेन या अभियंत्याने ही पद्धत प्रचारात आणली. पोलादी दांड्याच्या टोकाला ६० अंशांचा शंकू बसवितात. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे ३६ मिलिमीटर असतो. जमिनीत मळसूत्री नांगर रोवून यंत्र पक्के करतात आणि शंकू सेकंदाला २ सेंटिमीटर या संथ व समान गतीने खाली दाबतात. टोकाला होणारा विरोध आणि टोकामागील नळीच्या अंगाला होणारे घर्षण ही दोन्ही मोजली जातात. वाळूत टोकाचा विरोध मोठा व घर्षण त्या मानाने अल्प, सुमारे एक टक्का. चिकणमातीत टोक सहज शिरते, पण घर्षणाचे प्रमाण कित्येक पट वाढते. या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून, मातीचा कणही वर न काढता, थर कोणता हे ओळखता येते. भारतीय मानक ४९६८ च्या तिसऱ्या भागात या चाचणीची रीत दिलेली आहे. त्याच मानकाच्या पहिल्या भागात ठोकून करावयाची सोपी चाचणी आहे : ६५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडावयाचा आणि शंकू दर १० सेंटिमीटर खाली जाण्यास किती ठोके लागतात ते मोजावयाचे.

तथापि हॉलंडची पद्धत इंदुरात जशीच्या तशी चालत नाही. कठीण मुरूम लागला की दाबाचा शंकू तेथेच थांबतो. तो मुरूमच आहे की वाटेत आलेला एखादा धोंडा, हे शंकू सांगत नाही. त्यासाठी भोक पाडून नमुना काढावाच लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मे महिन्यात वाळलेली काळी माती विटेसारखी कडक असते. त्या दिवसांत घेतलेले शंकूचे आकडे पाहून जमीन भक्कम असल्याचा निर्वाळा कोणीही देईल. तीच जागा ऑगस्टमध्ये तपासली तर शंकू निमूटपणे आत जातो. बांधकामाचे अंदाजपत्रक बहुधा उन्हाळ्यात तयार होते, ही यातील खरी अडचण! चाचणीच्या नोंदीत दिनांक आणि मातीतील ओलाव्याचे प्रमाण लिहिलेले नसेल, तर त्या नोंदीवर विसंबू नये.

शिवाय माती किती फुगेल हे शंकूला कळत नाही. त्यासाठी मात्र अत्यंत स्वस्त चाचणी उपलब्ध असून ती माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही करून दाखविता येईल. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एक भाग ऊर्ध्वपातित पाण्याच्या व दुसरा रॉकेलच्या अंशांकित नळीत टाकावयाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनंतर दोन्ही नळ्यांतील मातीची उंची वाचली की फुगवट्याची टक्केवारी मिळते. ती पन्नासांहून अधिक आल्यास जमीन अतिशय फुगणारी समजावी.

अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंद असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. कंदाचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट असतो. काळ्या मातीची ऋतूनुसार होणारी हालचाल सुमारे साडेतीन मीटर खोलीवर नगण्य होते. कंद त्या खोलीत रुतल्याने वरची माती फुगली तरी खांब उचलला जात नाही. जेथे मुरूम जवळ आहे तेथे काळी माती पूर्ण काढून मुरुमापर्यंत पाया नेणे हेच स्वस्त पडते.

यंत्र आणण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी लागते : या जागी पूर्वी काय होते? ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात जुन्या बावडीवर घातलेला स्लॅब भाविकांच्या भाराने कोसळला आणि ३६ जण प्राणास मुकले. बुजवलेल्या विहिरी, खाणी आणि भराव टाकलेले नाले प्रत्येक जुन्या गावात आहेत. दोन चाचण्यांच्या मधोमध असलेली विहीर यंत्राला सापडत नाही. गावातील वृद्धांना मात्र ती ठाऊक असते. ग्रामपंचायतीने शाळेसाठी जागा सुचविताना तलाठ्याकडील जुना नकाशा पाहून आणि अशा दोन-चार वृद्धांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, व तो कागद अभियंत्याच्या हाती चाचणीपूर्वीच द्यावा. त्यानंतर इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेऊन प्रत्येक थराची खोली नोंदवावी. हे खड्डे पावसाळ्यापूर्वी थराथराने ठोकून बुजविणे आवश्यक आहे. अन्यथा पाणी नेमके त्याच वाटेने पायाखाली शिरते.