राणीचं माहेर कोणतं?

 

19 नोव्हेंबरला झाशीच्या राणीची जयंती. गटांत, शाळेत बाया भाषणं करतात. त्यांचे कागद आमच्याकडे वाचायला आले की एक वाक्य हमखास सापडतं : आपल्या जिल्ह्यातलं पारोळा हे राणीचं माहेर. ऐकायला गोड वाटतं. झाशीची राणी खानदेशाची लेक! पण ते तसं नाही.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला 1727 साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. हे घराणं नेवाळकरांचं. पुढे झाशीची सुभेदारी नेवाळकरांकडे आली, आणि त्यांच्यातल्या गंगाधररावांशी 1842 साली राणीचं लग्न झालं. म्हणजे पारोळा हे तिच्या सासरच्या भाऊबंदांचं गाव. हे कळायला मोठं पुस्तक लागत नाही. ती नेवाळकरांची लेक असती, तर तिला नेवाळकरांच्याच घरात दिली असती का? एका कुळात सोयरीक होते का कधी?

तिचं माहेर तांब्यांचं. जन्म काशीचा. नाव मणिकर्णिका, लाडानं मनू. आई भागीरथीबाई लवकर गेली. वडील मोरोपंत तांबे काशीला चिमाजी अप्पांच्या पदरी होते, मग ब्रह्मावर्ताला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांकडे आले. मनू तिथं वाढली. लक्ष्मीबाई हे नाव लग्नात मिळालं, आडनावही बदललं. (आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, म्हणून बँकेत खेटे घातलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.)

पारोळ्याला माहेर म्हटलं की मोरोपंत पुसले जातात, आम्हाला खटकतं ते हे. आईविना लेक वाढवणारा हा बाप तिच्या मागं झाशीला गेला, आणि 1858 मध्ये इंग्रजांनी त्याला फाशी दिली. त्याच साली जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना राणी पडली.

जन्माचं साल काही पुस्तकांत 1828, काहींत 1835 आहे. दोन्ही सांगावीत. एका हिशेबानं ती तिशीच्या उंबऱ्यावर होती, दुसऱ्यानं बावीस-तेवीसची. भाषणात नुसतं ‘कोवळ्या वयात’ म्हणून उरकू नये.

आता उच्चार. हिंदी मालिकांत नेवालकर म्हणतात. मोबाइलवर इंग्रजी अक्षरं वाचून पोरं न्यूअलकर म्हणतात. आपल्या बोलीत ळ चा य होतो, केळीची केयी होते, तसं नेवाळकरांचं नेवायकर होतं. ओट्यावर, शेतात खुशाल तसं बोला, ती आपली भाषा आहे, तिची लाज नको. पण माईकसमोर नाव घ्यायचं ते त्या घरानं घेतलं तसं, नेवाळकर. जीभ वळत नसेल तर आदल्या दिवशी दहा वेळा म्हणून बघा. आमच्या गटांतल्या सत्तरीच्या आजींनाही जमलं.

फलक रंगवून घेणार असाल तर पेंटरला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या : राणी लक्ष्मीबाई गंगाधरराव नेवाळकर, माहेरच्या मणिकर्णिका मोरोपंत तांबे, जन्म काशी. आणि गटाची सहल पारोळ्याला न्यायची असेल तर जरूर न्या. किल्ला पाहण्यासारखा आहे. पोरींना तिथं सांगा, हे राणीच्या सासरच्यांचं गाव.